तोंडी परीक्षा

बापाला लिहिता येत नाही, म्हणून तोंडी.
पैठणला, पाटबंधाऱ्याच्या विश्रामगृहात,
पंखा तीन नंबरवर अडकलेला,
समोर देवगडाकडचे वायंगणकर साहेब,
चाळीस वर्षं खाऱ्या पाण्यावर काढून
आता गोड्या पाण्यावरच्या होड्यांना परवाने देत फिरणारे.
मी शेजारी. अंगठ्याखाली नाव लिहायला.

भरती म्हणजे काय?

बाप म्हणाला, पोलिसात असती ती.
आमच्या पुतण्यानं दोनदा दिली,
दोन्ही टायमाला छातीत गेला.

साहेब हसले नाहीत. म्हणाले, पाण्याची.

पाण्याची व्हय! बाप सरसावून बसला.
वरून नाशिकाकडून सोडलं की होती.
पोळ्याला इथं असतंय, ह्या पायरीला,
संक्रांतीला चिंचेच्या बुडाला,
मग चैत-वैशाखात चिखल तुडवीत कोसभर
होडीच आपल्याला जड.
तुमच्याकडं म्हणं चंद्र ओढतो.
आमच्याकडं शाखा अभियंता.

नांगर?

बापानं टेबलावर बोटानं एक सरळ रेघ ओढली,
तास घातल्यासारखी.
कोणता म्हणता?
थोरल्याचा लोखंडी होता, तो मोडीत गेला.
आताचा दगडी. जात्याची खालची तळी,
जुनं गाव उठलं तवा मायनं सोबत आणलेली.
टाकतो मात्र त्याच पट्टीत.
खाली काळी हाय, साहेब. धरून ठेवती.

वायंगणकरांनी लिहिलं: तळ, चिकणमाती. योग्य.

मतलई वारा त्याला मतलबी ऐकू आला,
ते जाऊ द्या.
दीपस्तंभाला म्हणाला, कारखान्याची चिमणी,
गाळप बंद झालं की इजली.
मग अंधारात दिशा कशी धरता?
धरत नाही.
रातचं जाणंच सोडलं.

कधीपासून, हे छापील प्रश्नात नव्हतं.
साहेबांनी विचारलं.

मला ठाऊक होतं, पण घरात कुणी बोलत नाही,
म्हणून मी पंख्याकडं बघत राहिले.

कापूस येचायच्या बाया होत्या, बाप म्हणाला,
गुळाच्या काहिलीत सहा जणी आन् मी सातवा.
दिवस बुडताना वावधन सुटलं.
काहील काय, तिला ना नाळ ना सुकाणू,
गरगर फिरती, गवऱ्याच्या पाटीवाणी.
पाच जणी केसाला धरून काढल्या.
सहावीचा पदर हातात आला.

थोडं थांबून:
पदरच आला.

बाहेर कुणीतरी चहाचे कप विसळत होतं.
साहेबांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं,
आणि हलक्या आवाजात,
जणू हाही परीक्षेतलाच प्रश्न असावा तसं,
विचारलं, पाणी किती होतं तिथं?

बापानं दोन्ही हात फाकले.
पार, खांद्यातून कळ येईल इतके.
छातीशी आणले, पुन्हा फाकले,
दोर मोजावा तसा हवेतून ओढत,
एक वाव, दोन वाव,
गुडघ्यावरची टोपी खाली पडली तरी थांबला नाही.
अकरापर्यंत गेला.

वायंगणकर उभे राहिले.
कोकणातही असंच मोजतात, एवढंच म्हणाले.
मग जाकिटं किती, या रकान्यात
बापानं सांगितलेला आकडा लिहिला,
होडीत माणसं आठ, जाकिटं नऊ.
एक जास्तीचं का, ते विचारलं नाही.

परतीच्या एसटीत बाप खिडकीशी बसला.
तुमच्या पुस्तकात काय हाय गं,
तिकडचं पाणी किती येळा येतंय-जातंय?
दिवसातून दोनदा, मी म्हटलं.
रोज?
रोज.

ढोरकीन येईपर्यंत काही बोलला नाही.
उसाच्या ट्रॉल्या मागं पडत गेल्या,
अंगठ्याची शाई तो पँटला पुसत राहिला.
मग म्हणाला,
तर मग बांधलेल्या होडीचा दोर
किती ढिला ठेवीत असतील ते लोक?

मला सांगता आलं नाही.